सरेंडर केलेलं ग्रीन कार्ड: नवरा-बायकोच्या नात्यावर पुन्हा अर्ज करताना

अमेरिकेतून भारतात परतलेल्या अनेक जोडप्यांत एकाकडे अमेरिकन नागरिकत्व असतं आणि दुसऱ्याने ग्रीन कार्ड परत केलेलं असतं. काही वर्षांनी पुन्हा तिकडे जायचं ठरलं की पहिली धास्ती हीच, की एकदा सोडलेलं कार्ड परत मिळेल का. मिळतं. फॉर्म आय-४०७ भरून स्वतःहून कार्ड परत करणं हा गुन्हा नाही. त्यामुळे कुठली बंदी येत नाही, दंड होत नाही, अमुक वर्षं थांबा अशी अटही लागत नाही. अमेरिकन नागरिकाचा जोडीदार ‘इमिजिएट रिलेटिव्ह’ या गटात मोडतो आणि त्या गटाला वर्षाला इतकेच व्हिसा अशी मर्यादा नाही. म्हणजे भारतीयांच्या त्या प्रसिद्ध लांबलचक रांगेत उभं राहावं लागत नाही.

मात्र जुनी फाइल पुन्हा उघडून कार्ड देत नाहीत. पहिल्या पायरीपासून सगळं परत करावं लागतं, आणि ते करताना जुनी फाइल अधिकाऱ्यासमोर उघडी असते. बहुतेक घोटाळे इथेच होतात. लोक एक तर जुन्या मंजुरीवर विसंबतात, नाही तर जुनं काही झालंच नव्हतं अशा थाटात अर्ज भरतात.

जुन्यातलं काय उरतं

पहिल्या वेळी जोडीदाराने भरलेली आय-१३० पिटिशन, म्हणजे नातेवाइकासाठीचा विनंतीअर्ज, त्या व्हिसाबरोबरच वापरून संपली. ती मंजूर होती म्हणून आता पुन्हा चालेल असं नाही, नवी भरायची. तेव्हाचं आय-८६४, म्हणजे आर्थिक हमीपत्र, तेही संपलं, कारण कायम रहिवाशाचा दर्जा सोडून देश सोडला की स्पॉन्सरची, म्हणजे हमी देणाऱ्याची, जबाबदारी कायद्यानेच सुटते. नागरिकत्वासाठी मोजायची वर्षं शून्यावर येतात. आधी सात वर्षं राहिला असाल तरी घड्याळ नव्या कार्डाच्या तारखेपासून चालू होतं.

सोशल सिक्युरिटी नंबर तोच राहतो, त्यावर जमा झालेली कामाची क्रेडिट्सही राहतात. आणि ‘ए-नंबर’, म्हणजे इमिग्रेशन फाइलचा क्रमांक, कायम राहतो. जुन्या कार्डावर ‘यूएससीआयएस नंबर’ (यूएससीआयएस म्हणजे अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) म्हणून छापलेले नऊ आकडे म्हणजे तोच. नव्या अर्जात जिथे जिथे ए-नंबर विचारलाय तिथे तिथे तो लिहायचा. कार्ड हातात नसेल तर जुन्या व्हिसावर, जुन्या मंजुरीपत्रावर किंवा आय-४०७ च्या प्रतीवर सापडतो.

आय-४०७ ची प्रत जपून ठेवलेली असेल तर उत्तम. त्या फॉर्मात अमेरिका सोडल्याची तारीख, तिथला शेवटचा पत्ता आणि दर्जा का सोडताय याचं कारण विचारलेलं असतं. आज इंटरव्ह्यूमध्ये ‘का सोडलं होतं?’ असं विचारलं, तर तुमचं उत्तर त्या कागदाशी जुळलं पाहिजे. प्रत नसेल तर माहितीच्या अधिकारासारखा तिकडे एफओआयए कायदा आहे. त्याखाली आपली संपूर्ण इमिग्रेशन फाइल यूएससीआयएसकडून ऑनलाइन मागवता येते. हा अर्ज आय-१३० च्या आधीच टाका, उत्तर यायला वेळ लागतो.

कार्ड नेमकं कसं गेलं होतं?

‘सोडलं’ या शब्दाखाली लोक तीन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि तिघांची वाट वेगळी.

आय-४०७ टपालाने पाठवून किंवा विमानतळावर सही करून दिला असेल, तर हा पूर्ण लेख तुमच्यासाठी आहे.

काहींनी काहीच दिलेलं नसतं. कार्ड कपाटात पडून मुदत संपली आणि त्यांच्या समजुतीत विषय संपला. पण कार्डाची मुदत संपणं आणि दर्जा संपणं वेगळं. कर खात्याच्या दृष्टीने तर आय-४०७ देईपर्यंत, किंवा सरकारने दर्जा संपवल्याचा निर्णय देईपर्यंत, तुम्ही सर्वसाधारणपणे अमेरिकेचे रहिवासीच धरले जाता आणि जगभरच्या उत्पन्नाचं रिटर्न अपेक्षित असतं. अशांसाठी एसबी-१ नावाचा परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसाही आहे. त्यासाठी फॉर्म डीएस-११७ आणि १८० डॉलर फी. मात्र निघताना परत यायचा इरादा होता आणि लांबलेला मुक्काम आपल्या हाताबाहेरच्या कारणामुळे होता, हे सिद्ध करावं लागतं. ‘नोकरी चांगली मिळाली म्हणून राहिलो’ हे कारण त्यात बसत नाही. जोडीदार नागरिक असेल तर आय-४०७ देऊन जुनं खातं बंद करणं आणि नव्याने पिटिशन भरणं हीच वाट बहुतेकांना सरळ पडते.

तिसरा प्रकार म्हणजे इमिग्रेशन न्यायाधीशाने काढलेला हद्दपारीचा आदेश. त्यात परत येण्यावर वर्षांची बंदी असू शकते आणि आय-२१२ ची वेगळी परवानगी लागू शकते. तिथे वकिलाशिवाय एकही फॉर्म भरू नका.

आय-१३०: दोन प्रश्न जिथे चूक होते

पिटिशन नागरिक जोडीदाराने भरायची. तो भारतात राहत असला तरी यूएससीआयएसच्या वेबसाइटवर खातं उघडून भरता येते. एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन फी ६२५ डॉलर आणि कागदी अर्जाची ६७५ डॉलर आहे. फी भरण्याआधी त्या दिवसाचा आकडा वेबसाइटवर तपासा, कारण चुकीच्या फीचा कागदी अर्ज न वाचताच परत येतो. सोबत आय-१३०ए हा जोडीदाराच्या माहितीचा फॉर्म लागतो. त्यात मागच्या पाच वर्षांचे पत्ते आणि नोकऱ्या महिन्यासकट लिहायच्या.

फॉर्म पिटिशनरला विचारतो, की या व्यक्तीसाठी किंवा आणखी कोणासाठी पूर्वी कधी पिटिशन भरली होती का? उत्तर ‘हो’. कधी भरली, कुठून भरली, निकाल काय लागला, तेही लिहायचं. ‘ती तर संपली’ म्हणून ‘नाही’ लिहिणारे बरेच असतात. फॉर्म भूतकाळाबद्दल विचारतोय, पिटिशन आज चालू आहे का हे विचारत नाही. दुसरा प्रश्न लाभार्थी, म्हणजे ज्याच्यासाठी पिटिशन भरली तो, पूर्वी अमेरिकेत होता का, हा. तिथेही तारखा पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी ताडून लिहा. जुना पासपोर्ट हरवला असेल तर फाइलच्या प्रतीचा इथे उपयोग होतो. चुकीची तारीख सुधारता येते. पण जाणूनबुजून लपवल्यासारखं दिसलं आणि ते खोटी माहिती देण्यात मोडलं, तर आयुष्यभराची बंदी लागू शकते. पूर्वी कार्ड सोडल्याने जे नुकसान होत नाही, ते लपवल्याने होऊ शकतं.

लग्न खरं आहे याचे पुरावेही पुन्हा द्यायचे. ‘पहिल्या वेळी मान्य केलं होतं’ हे पुरेसं नाही, कारण आता त्यांना आजचं लग्न बघायचंय. मधल्या वर्षांचे पुरावे द्या: दोघांच्या नावाचं बँक खातं, घराचा करार, विम्यातलं नॉमिनेशन, मुलांचे जन्मदाखले, एकत्र प्रवास. वर्षवार दहा-पंधरा चांगले कागद हे लग्नाच्या अल्बमच्या दोनशे फोटोंपेक्षा वजनदार ठरतात.

आपल्याकडच्या नावांचा गुंता इथे आधीच सोडवून ठेवा. लग्नानंतर पहिलं नावही बदललेलं असतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं आलेलं असतं. जन्मदाखल्यावर एक नाव, जुन्या ग्रीन कार्डावर दुसरं, आजच्या पासपोर्टवर तिसरं. ‘वापरलेली इतर नावं’ या रकान्यात ती सगळी लिहा आणि जोडणारा कागद, म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद, सोबत लावा. जुन्या जन्मनोंदीत बाळाच्या नावाचा रकाना बऱ्याचदा कोराच असतो. महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून नाव घालून नवा दाखला काढता येतो. नोंदच नसेल तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला, शिवाय आई-वडिलांचं किंवा जवळच्या वडीलधाऱ्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला. मराठीतल्या प्रत्येक कागदाचा इंग्रजी अनुवाद आणि अनुवादकाचं सही केलेलं निवेदन लागतं.

मुलं परदेशी नागरिक असतील तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. नागरिकाच्या जोडीदाराच्या अर्जात मुलं आपोआप येत नाहीत. प्रत्येक मुलासाठी वेगळी आय-१३० लागते. जोडीदार नागरिक नसून फक्त ग्रीन कार्डधारक असेल तर गट बदलतो, तो एफ२ए होतो. त्यात मुलं सोबत येऊ शकतात, पण व्हिसा बुलेटिन या दर महिन्याच्या तक्त्यातली तारीख बघत थांबावं लागतं.

व्हिजिटर व्हिसावर जाऊन तिथेच अर्ज करावा का?

हा सल्ला नातेवाइकांकडून हमखास येतो. जुना बी-२ व्हिसा आहे, फिरायला म्हणून जा आणि तिथे आय-४८५, म्हणजे अमेरिकेतच राहून ग्रीन कार्ड मागायचा अर्ज, भरून टाका. मनात कायम राहायचं ठेवून पर्यटक म्हणून आत शिरणं म्हणजे विमानतळावरच्या अधिकाऱ्याला खोटं सांगणं. तीच वर सांगितलेली बंदी इथेही दारात उभी असते. ज्याने एकदा ग्रीन कार्ड परत केलंय त्याच्या इराद्याबद्दल शंका घ्यायला अधिकाऱ्याकडे आधीच कारण असतं. भारतात राहत असाल तर वकिलातीतून इमिग्रंट व्हिसा घेऊन जाणं हीच सुरक्षित वाट. आणि आय-१३० भरल्यावर मधल्या काळात नवा पर्यटक व्हिसा मागितला, तर नकार मिळण्याची शक्यता बरीच असते, हेही धरून चाला. घरातलं लग्न, बाळंतपण अशा गोष्टींचं नियोजन अर्ज करण्याआधी करा.

एनव्हीसी: पैशांची आणि पत्त्याची परीक्षा

पिटिशन मंजूर झाली की प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातं. मुंबईसाठीच्या केस नंबरची सुरुवात ‘बीएमबी’ अक्षरांनी होते. सीईएसी या परराष्ट्र खात्याच्या व्हिसा पोर्टलवर दोन फिया वेगवेगळ्या भराव्या लागतात: हमीपत्राच्या छाननीचे १२० डॉलर आणि व्हिसा अर्जाचे ३२५ डॉलर. पैसे अमेरिकन बँकेच्या खात्यातूनच घेतले जातात. परत येताना खातं बंद केलं असेल तर नागरिक जोडीदाराने ते आधी उघडावं, नाही तर तिथल्या विश्वासू नातेवाइकाच्या खात्यातून फी भरावी. मग डीएस-२६० हा इमिग्रंट व्हिसाचा मोठा अर्ज. एनव्हीसीच्या सूचनांना वर्षभर काहीच प्रतिसाद दिला नाही तर प्रकरण बंद होऊ शकतं, तेव्हा अधूनमधून लॉगिन करत राहा.

खरी अडचण आय-८६४ मध्ये येते, आणि परतलेल्या जोडप्यांची तर ठरलेलीच. स्पॉन्सरचं उत्पन्न अमेरिकन दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के हवं. २०२५ च्या तक्त्यात दोघांच्या कुटुंबासाठी हा आकडा २६,४३७ डॉलर होता, चौघांसाठी ४०,१८७. तक्ता दरवर्षी बदलतो. नागरिक जोडीदाराचा पगार भारतातला असेल आणि अमेरिकेत गेल्यावर ती नोकरी सुटणार असेल, तर तो पगार धरला जात नाही. तिकडे गेल्यावरही त्याच ठिकाणाहून मिळत राहील असंच उत्पन्न मोजतात.

मग उरतात दोन मार्ग. एक, अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जॉइंट स्पॉन्सर होतो. तरीही मूळ पिटिशनरला स्वतःचं आय-८६४ द्यावंच लागतं, शून्य उत्पन्न दाखवून का होईना. भाऊ किंवा मित्र जॉइंट स्पॉन्सर होत असेल तर त्याला जबाबदारी नीट समजावून सांगा. ती घटस्फोटानेही संपत नाही. व्यक्ती नागरिक होईपर्यंत, तिच्या नावे ४० तिमाहींचं काम जमा होईपर्यंत, दर्जा सोडून देश सोडेपर्यंत किंवा मृत्यूपर्यंत ती चालू राहते.

दुसरा मार्ग मालमत्तेचा. नागरिकाच्या जोडीदाराच्या बाबतीत कमी पडणाऱ्या रकमेच्या तिप्पट मालमत्ता दाखवावी लागते. दोघांचं कुटुंब आणि उत्पन्न शून्य असेल, तर २०२५ च्या हिशेबाने ७९,३११ डॉलर. मुदतठेव, म्युच्युअल फंड, फ्लॅट चालतो, पण वर्षभरात विकून पैसे करता येतील आणि देशाबाहेर नेता येतील असा हवा. फ्लॅट दाखवताना मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल जोडा आणि कर्ज वजा करा. वडिलोपार्जित, वाटणी न झालेलं घर दाखवू नका. ते वर्षात विकून होणार नाही हे अधिकाऱ्यालाही कळतं.

स्पॉन्सरचं शेवटच्या वर्षाचं अमेरिकन टॅक्स रिटर्नही लागतं. अमेरिकन नागरिक जगात कुठेही राहिला तरी उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की त्याला रिटर्न भरावंच लागतं. भारतात राहून ते राहून गेलं असेल, आणि तेही अज्ञानामुळे, तर कर खात्याची ‘स्ट्रीमलाइन्ड’ नावाची सोय आहे: मागच्या तीन वर्षांची रिटर्न्स आणि सहा वर्षांचे एफबीएआर, म्हणजे परदेशी खात्यांची माहितीपत्रकं. परदेशातल्या सगळ्या खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबीएआर लागू होतो. हे काम एनव्हीसीचं पत्र आल्यावर सुरू केलं तर प्रकरण महिनोन्‌महिने अडतं. आय-१३० भरतानाच सीपीए, म्हणजे अमेरिकन सनदी लेखापाल, गाठा.

तिसरी अट पैशांची नसली तरी सगळ्यात जास्त अडवते. स्पॉन्सरचं अमेरिकेत ‘डोमिसाइल’, म्हणजे कायमचं घर, हवं. दोघं पुण्या-मुंबईत राहत असाल तर नागरिक जोडीदाराने दाखवायचं, की व्हिसाधारक अमेरिकेत पाऊल ठेवेल त्याच दिवशी किंवा त्याआधी मी तिथे राहायला जातोय. नुसतं ‘जायचा विचार आहे’ लिहून चालत नाही. नोकरीचं पत्र, भाड्याच्या घराचा करार किंवा नातेवाइकाचं ‘आमच्याकडे राहतील’ असं पत्र, चालू बँक खातं, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार नोंदणी, मुलांच्या शाळेशी झालेला पत्रव्यवहार, सामान हलवण्याचं कोटेशन. एकटा कागद अपुरा पडतो, पण पाच-सहा मिळून चित्र उभं राहतं. शक्य असेल तर नागरिक जोडीदाराने दोन-तीन महिने आधी जाऊन बस्तान बसवावं. हा प्रश्न त्याने जितका नीट सुटतो तितका कशानेच सुटत नाही.

कागद, मेडिकल, इंटरव्ह्यू

भारतातला पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयातून मिळतो. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या एखाद्या देशात बारा महिन्यांहून जास्त राहिला असाल तर तिथलाही लागतो. अमेरिकेतल्या वास्तव्यासाठी मात्र पोलिस दाखला मागत नाहीत, तो मिळवण्यात वेळ घालवू नका. तिथे अटक किंवा खटला झाला असेल, अगदी किरकोळ असला तरी, त्याच्या कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत लागते.

मेडिकल वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच. पहिल्या वेळचं मेडिकल चालत नाही, पण तेव्हाची लसीकरणाची नोंद घेऊन जा, तेच डोस पुन्हा टोचून घ्यावे लागत नाहीत. व्हिसाची मुदत मेडिकलच्या मुदतीशी बांधलेली असते आणि ती साधारण सहा महिन्यांच्या पुढे जात नाही. म्हणून घर, नोकरी, शाळा यांचं गणित बसवून मग तारीख घ्या.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांचा इंटरव्ह्यू सहसा मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत होतो. नागरिक जोडीदाराने हजर राहायची सक्ती नाही. जुन्या कार्डाबद्दल हमखास विचारतात: का परत केलं, आता काय बदललं? ‘सासऱ्यांची तब्येत होती, आता ते राहिले नाहीत, आता आम्ही डॅलसला स्थायिक होतोय, हा नोकरीचा करार’ इतकं थेट उत्तर पुरतं. ‘कार्ड हाताशी असलेलं बरं’ हे उत्तर घातक ठरतं, कारण इमिग्रंट व्हिसा तिथे राहायला जाणाऱ्यांसाठीच असतो.

व्हिसा मिळाल्यावर प्रवासाआधी २३५ डॉलरची यूएससीआयएस इमिग्रंट फी ऑनलाइन भरा, ती भरल्याशिवाय कार्ड छापून येत नाही. विमानतळावर शिक्का पडला की तो व्हिसाच वर्षभर तात्पुरत्या ग्रीन कार्डाचं काम करतो. त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली असतील तर दहा वर्षांचं कार्ड मिळतं. नसतील तर दोन वर्षांचं सशर्त कार्ड, आणि मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे त्या अटी काढून टाकायचा अर्ज. अर्जापासून इथपर्यंत वर्ष-दोन वर्षं जातील असं धरूनच घर-नोकरीचे निर्णय घ्या.

जुन्या कार्डाचं एक राहून गेलेलं काम

शेवटच्या १५ करवर्षांपैकी किमान ८ वर्षांत ग्रीन कार्ड असलेल्या माणसाने ते सोडलं, तर त्या वर्षाच्या रिटर्नसोबत फॉर्म ८८५४ द्यावा लागतो. वर्षातला एक दिवस कार्ड असलं तरी ते वर्ष सर्वसाधारणपणे मोजलं जातं. २० लाख डॉलरच्या आसपासही संपत्ती नसलेल्यांना वाटतं, हा फॉर्म श्रीमंतांचा. पण मागच्या पाच वर्षांचे सगळे कर नियमाने भरल्याचं प्रमाण याच फॉर्मवर द्यायचं असतं. ते दिलं नाही तर संपत्ती कितीही कमी असली तरी बाहेर पडण्याचा कर लागू शकतो, शिवाय फॉर्म न भरल्याचा दंड १०,००० डॉलरपर्यंत. पुन्हा अमेरिकेत स्थायिक होण्याआधी हे तपासून घ्या.

दुसऱ्यांदा हातातून जाऊ नये म्हणून

सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलात तर परतताना नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखी चौकशी होऊ शकते. सलग वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर फक्त कार्डावर आत येता येत नाही. लांब राहावं लागणार हे दिसताच अमेरिकेत असतानाच आय-१३१ भरून री-एंट्री परमिट मागा. ते सहसा दोन वर्षांचं मिळतं. भारतात पोचल्यावर तो अर्ज करता येत नाही, आणि वडीलधाऱ्यांच्या आजारपणात घाईने निघालेल्यांची नेमकी हीच गोष्ट राहून जाते. परमिट दर्जा सांभाळायला मदत करतं, नागरिकत्वासाठी लागणारा सलग वास्तव्याचा काळ मात्र सांभाळत नाही. तो काळ नागरिकाबरोबर संसार करत असाल तर तीन वर्षांचा, एरवी पाच.

नागरिक जोडीदाराची पुन्हा भारतात बदली होणार असेल आणि ती अमेरिकन सरकारच्या किंवा परदेश व्यापारात असलेल्या अमेरिकन कंपनीच्या कामासाठी, किमान वर्षभराची असेल, तर कायद्यातलं कलम ३१९(बी) वकिलाकडून तपासून घ्या. त्यात बसलात तर तीन वर्षं थांबायची अटच नाही. नवं ग्रीन कार्ड हातात आल्यावर लगेच नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, मात्र शपथेच्या वेळी अमेरिकेत हजर राहावं लागतं.